छत, छप्पर आणि मधला सांधा

मराठीत आपण ‘छत’ आणि ‘छप्पर’ हे शब्द बरेचदा एकाच अर्थाने वापरतो. डोक्यावर छप्पर असावं असं म्हणतो, आणि छत असावं असंही म्हणतो. कौलारू घरात मात्र या दोन वेगळ्या वस्तू असतात. सगळ्यात वर कौलं, त्याखाली रिपा आणि वासे. घर जरा खात्यापित्याचं असेल तर त्याखाली फळ्यांची तक्तपोशी, आणि दोन्हींच्या मधे माळा. छप्पर आभाळाकडे तोंड करून असतं. छत घरातल्या माणसांकडे बघत असतं. एकाने पाऊस अडवायचा, दुसऱ्याने नीट दिसायचं.

मी डोंबिवलीत वाढलो. आमच्याकडे डोक्यावर एकच स्लॅब असतो आणि तोच दोन्ही कामं करतो, त्यामुळे हा फरक मला नोकरी लागल्यावर समजला. मी ठाण्यात एका कंपनीत काम करतो. आर्किटेक्ट लोक इमारतीचं त्रिमितीय मॉडेल ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतात, त्याला जोडायची छोटी टूल्स आम्ही लिहितो. गेली तीन वर्षं माझ्याकडे एकच विषय आहे: छत आणि छप्पर जिथे एकमेकांना भेटतात, तिथला सांधा स्वच्छ करणं.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण एक उतरतं छप्पर डोळ्यांसमोर आणा. ते भिंतीच्या बाहेर येऊन खाली उतरतं. त्याखाली एक आडवं, सपाट छत आहे. आर्किटेक्टने छत थोडं जास्त लांब काढलं, तर त्याची कड छपरातून आरपार बाहेर येते. बाहेरून घर बघितलं की पागोळ्यांच्या जागी एक विचित्र पांढरी पट्टी दिसते. छत थोडं आखूड काढलं तर आत फट राहते. माणसाला हे मिलिमीटरपर्यंत हाताने जुळवता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअरला सांगायचं, ‘जोड.’

आता दोन घन वस्तू एकमेकींत घुसल्या असतील, तर त्या सामाईक तुकड्याचं काय करायचं? तो तुकडा एकाच वेळी दोघांचा असू शकत नाही. तसा ठेवला तर काँक्रीटचा हिशेब दोनदा होतो. दोघांतूनही काढला तर तिथे भोक पडतं. म्हणजे कुणीतरी कापून घ्यायचं आणि कुणीतरी कापायचं. आर्किकॅडमध्ये यासाठी प्रत्येक बांधकाम साहित्याला ० ते ९९९ असा प्राधान्यक्रमाचा आकडा असतो. ज्याचा आकडा मोठा तो राहतो, लहान आकड्याचा कापला जातो. रेव्हिटमध्ये दोन वस्तू जोडल्या की एक दुसरीला कापते, आणि कोण कुणाला कापणार हा क्रम तुम्ही उलटवू शकता. चित्र जवळपास तेच दिसतं, पण तो तुकडा एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जातो.

दुसरी अडचण आकड्यांची. संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगितली तर बरोब्बर ०.३ येत नाही. सतराव्या दशांशस्थळी एक ४ शिल्लक राहतो. त्यामुळे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेत की नाहीत, हे संगणक कधीच शपथेवर सांगू शकत नाही. मग आम्ही एक सूट ठरवतो. इतक्यापेक्षा लहान फट असेल तर ती शून्य समजायची. स्क्रीनवर सांधा स्वच्छ दिसतो, कारण फट मोजायची नाही असं आम्ही ठरवलेलं असतं.

रेव्हिट वापरणाऱ्यांना एक सूचना चांगली ओळखीची आहे. तिचा मतलब असा, की या दोन वस्तू जोडलेल्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतच नाहीत. सूचना पिवळ्या रंगात येते. ती बंद करून पुढे काम करता येतं आणि बहुतेक जण तेच करतात. मॉडेलचं त्यामुळे काही बिघडत नाही. मॉडेलमध्ये पाऊस पडत नाही.

डोंबिवलीत पडतो. इथल्या जुन्या इमारती वरून बघितल्या, म्हणजे कुठल्याही उड्डाणपुलावरून बघितल्या, तर गच्च्यांवर निळ्या-हिरव्या पत्र्यांची रांग दिसते. आधी स्लॅब होता, तोच छत आणि तोच छप्पर. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा होता, कठड्याच्या मुळाशी गोलाई देऊन मारलेला वाटा होता. काही पावसाळ्यांनी तो वाटा तडकला. गिलावा फुगला, पोपडे आले. दोनदा-तीनदा वॉटरप्रूफिंग झालं. शेवटी लोकांनी वर्गणी काढून गच्चीवर पत्रा टाकला. आता स्लॅब नुसतं छत राहिलं आणि छपराचं काम पत्र्याकडे गेलं. कोकणातल्या घरांनी जे आधीच ठरवलं होतं, तिथे आपण फिरून आलो.

गळती जवळजवळ नेहमी सांध्यात असते. स्लॅबच्या मध्यभागातून पाणी क्वचित येतं. ते येतं स्लॅब आणि कठडा, पाइप आणि भिंत, पत्रा आणि पत्रा यांच्या मधून. आणि बहुतेक भांडणंही तिथलीच असतात, कारण स्लॅब एकाने घातलेला असतो, कठडा दुसऱ्याने बांधलेला असतो आणि पाइप तिसऱ्याने टाकलेला असतो. मधली जागा कुणाच्याच बिलात नसते. ‘आढ्याचं पाणी वळचणीला’ ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण ती मुळात पाण्याबद्दल खरी आहे. पाणी वाट काढतंच, आणि मालकी कुणाची हे विचारून काढत नाही.

कायद्याने ही मधली जागा वाटून द्यायचा प्रयत्न केला आहे. २०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-बाथरूममधल्या आतल्या गळतीचा खर्च सभासदाचा, आणि पावसाच्या पाण्याने गच्चीतून होणाऱ्या गळतीचा खर्च संस्थेचा. कागदावर हा सांधा चोख आहे. प्रत्यक्षात संस्थेत सोळा घरं असतात आणि गळती वरच्या मजल्यावरच्या चौघांकडे होते. उरलेले बारा जण वाईट नसतात. त्यांच्याकडे फक्त गळत नसतं.

मी हे इतकं सांगतोय, कारण मागच्या वर्षी या सांध्याने आमच्या घरात एक प्रश्न उभा केला आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचं घर नव्वदच्या दशकातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आईचे गुडघे आता जिने मान्य करत नाहीत, म्हणून ते घर विकून ठाण्याच्या बाजूला लिफ्ट असलेलं लहान घर बघायचं ठरलं. हॉलच्या एका कोपऱ्यात, बीम आणि स्लॅब मिळतात तिथे, जोरदार पावसात ओल येते. संस्थेने दोनदा काम करून घेतलं. एखादं वर्ष बरं जातं, मग पुन्हा नकाशा उमटतो. एजंट आला, त्याने वर बघितलं आणि सांगितलं, “काका, पीओपी मारून घ्या. चार लाइट सोडा खाली. घर उठून दिसेल. आणि मेच्या आत उरकू.”

मेच्या आत, कारण जूनमध्ये तेच घर वेगळं दिसतं.

बाबा पोस्टातून निवृत्त झालेत. आयुष्यात त्यांनी कुणाचा रुपया बुडवलेला नाही. ते म्हणाले, “आपण खोटं कुठे बोलतोय? त्यांनी विचारलं तर सांगू.” आणि थोड्या वेळाने, “आपल्याला घर घेताना कुणी सांगितलं होतं?”

ही दोन वाक्यं मी ठाण्याच्या लोकलमध्ये उभ्याने बरेच दिवस चावत होतो. मग फोनवर वाचताना कळलं, की बाबांचं पहिलं वाक्य दोन हजार वर्षांहून जुनं आहे. सिसेरो नावाच्या रोमन वकिलाने इ.स.पू. ४४मध्ये कर्तव्यांविषयी एक पुस्तक लिहिलं. ते अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलाला उद्देशून आहे. त्याच्या तिसऱ्या भागात नेमकं हेच उदाहरण येतं. एक सज्जन माणूस घर विकतोय. घरात दोष आहेत, लाकूड खराब झालंय, आणि ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्याने सांगावं का?

सिसेरो दोन स्टोइक तत्त्वज्ञांना समोरासमोर उभं करतो, बॅबिलोनचा डायोजेनिस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर. डायोजेनिस म्हणतो, कायद्याने जेवढं सांगायला लावलंय तेवढं सांगा, खोटं बोलू नका, बस. न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. लिलाव पुकारणाऱ्याने ‘रोगट घर विकणे आहे’ असं ओरडायचं का? अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगा, कारण समोरचा माणूस आणि तुम्ही एकाच समाजाचे आहात. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो.

भारतीय कायदाही या बाबतीत शिष्याकडे झुकलेला आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि नेहमीच्या काळजीने बघूनही त्याला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायला हवा. आता गंमत बघा. पीओपी नसेल तर तो डाग साध्या नजरेला दिसतो. पीओपी मारलं की दोष ‘सापडणार नाही असा’ होतो. म्हणजे गप्प राहण्याचा हक्क मिळवण्यासाठी केलेल्या कामानेच सांगण्याची जबाबदारी अंगावर येते. बाबांचं ‘विचारलं तर सांगू’ उघड्या डागाला कदाचित लागू पडलं असतं. झाकलेल्या डागाबद्दल कुणी विचारणार कसं?

पण कायदा दाखवून बाबांना गप्प करणं मला नको होतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. झाकणं हे मुळात वाईट आहे का? माझा सगळा व्यवसाय झाकण्यावर उभा आहे. १९७२मध्ये डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने मांडलं, की मोठ्या प्रोग्रामचे भाग पाडताना प्रत्येक भागाने आपला एखादा बदलू शकणारा निर्णय इतरांपासून लपवावा. आज आम्ही सगळे तसंच काम करतो. तुम्ही फोनवर बटण दाबता आणि पैसे जातात. मधे काय घडतं हे तुमच्यापासून लपवलेलं असतं, आणि त्यासाठी तुम्ही आमचे आभारी असता. भिंत आणि छताच्या कोपऱ्यात पीओपीची नक्षीदार पट्टी मारतात तीही झाकण्यासाठीच. दोन वेगळी साहित्यं उन्हात वेगवेगळी फुगतात, सांध्यात बारीक भेग पडते, ती दिसू नये म्हणून. तिला कुणी फसवणूक म्हणत नाही.

मग एजंटने सुचवलेलं पीओपी आणि ही पट्टी यांत फरक काय? बराच विचार करून मला एकच फरक सापडला. झाकल्यानंतर, झाकलेल्या गोष्टीची जबाबदारी कुणाकडे राहते?

आम्ही कोड लपवतो तेव्हा त्याची जबाबदारी आमच्याकडे ठेवतो. रात्री दोनला ते बिघडलं तर फोन आम्हाला येतो. लपवणं हा तिथे एक शब्द असतो: हे तुम्हाला बघावं लागणार नाही, कारण आम्ही बघतोय. जोएल स्पॉल्स्की या प्रोग्रामरने २००२मध्ये अशा आवरणांच्या गळतीवर एक लेख लिहिला. आतलं कधी ना कधी बाहेर झिरपतंच, हा त्याचा मुद्दा. शब्दही त्याने गळतीचाच वापरला. गळेल हे मान्यच आहे. प्रश्न एवढाच, की गळेल तेव्हा बादली कोण धरणार. एजंटच्या पीओपीत आम्ही झाकणार होतो आणि किल्ली देऊन निघून जाणार होतो. बादली धरायची वेळ अशा माणसावर येणार होती, ज्याला बादली लागणार आहे हेही माहीत नाही.

बाबांच्या दुसऱ्या वाक्याचं उत्तर जास्त अवघड आहे. आपल्याला तरी कुणी सांगितलं होतं? आपण फसलो, नुकसान सोसलं, आता ते आपणच का गिळायचं? इथे मला माझं काम उपयोगी पडलं. सामाईक तुकडा कुठेतरी मोजावाच लागतो. गळतीमुळे घराची किंमत कमी झाली आहे हे सत्य आहे, आणि आम्ही सांगितल्याने ते निर्माण होत नाही. सांगायचं की नाही यावर फक्त एवढं ठरतं, की तो तोटा कुणाच्या खात्यात पडतो, आणि त्याच्या संमतीने पडतो की नाही. गप्प राहिलो तर तोटा नाहीसा होत नाही. क्रम उलटतो आणि तुकडा पुढच्याकडे जातो. तो पुढचाही हेच म्हणेल, मलातरी कुणी सांगितलं होतं. ही साखळी अशा माणसापाशी थांबते, ज्याला पुढे ढकलायला कुणी सापडत नाही. आणि तो बहुतेक वेळा साखळीतला सगळ्यात कमी पैशांचा माणूस असतो.

कल्याण-डोंबिवलीत ही साखळी आपण डोळ्यांनी पाहिली आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिका हद्दीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या. पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांची महारेराकडे नोंदणी करण्यात आली होती. कागद स्वच्छ होता. कागद आणि इमारत यांच्यामधला सांधाच खोटा होता, आणि तो कुठल्याही ग्राहकाला नुसत्या डोळ्यांनी दिसणारा नव्हता. कर्ज काढून राहायला आलेली कुटुंबं साखळीच्या टोकाला उभी होती. २० मे २०२५ला कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीत वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळून ६ माणसं गेली. चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं. एकाची जमीन हे दुसऱ्याचं छत असतं, ही गोष्ट अशा दिवशी फार क्रूरपणे लक्षात येते. आमच्या हॉलमधला डाग या दोन्हींच्या तुलनेत काहीच नाही, हे मला माहीत आहे. पण ‘आपल्या बाजूने साफ दिसतंय ना, मग झालं’ ही सवय मला तीच वाटते. ती लहान डागांवरच लागते.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. समोरच्या घरातल्या काकांना कळलं तेव्हा ते वर आले. त्यांचंही घर वरच्या मजल्यावर, त्यांनाही दोन वर्षांनी विकायचंय. ते म्हणाले, “तुम्ही सगळीकडे सांगत सुटलात तर आमच्याही घराचा भाव पडेल. तुमचा प्रामाणिकपणा आमच्या खिशातून कशाला?” अँटिपेटरकडे काकांसाठी काय उत्तर आहे, मला ठाऊक नाही. घेणारा माणूस आपल्या समाजाचा, तर तीस वर्षं शेजारी राहिलेला माणूसही आपल्याच समाजाचा. मी एवढंच म्हणू शकतो, की काकांचं जे नुकसान होणार ते खऱ्या किमतीचं आहे, आणि घेणाऱ्याचं जे झालं असतं ते खोट्या किमतीचं. पण हे वाक्य मी काकांना ऐकवलेलं नाही. मोडलेल्या मुदत ठेवीसमोर असं वाक्य फार हलकं वाटतं.

बाबांनी शेवटी पीओपी मारलं नाही. मी पटवलं म्हणून नव्हे. आई म्हणाली, “घर बघायला येतील त्यांच्यात कुणाची तरी आई असेलच. ती पहिल्या पावसात वर बघेल आणि आपल्याला काय म्हणेल, ते मला आत्ताच ऐकू येतंय.” बाबांनी संस्थेच्या दोन्ही वेळच्या वॉटरप्रूफिंगची पत्रं फाइलमध्ये वरच लावली. आलेल्यांना डाग दाखवला. पहिली दोन कुटुंबं गेली. एजंटने फोन उचलणं कमी केलं. तिसऱ्यांनी दीड लाख कमी करून मागितले, आणि गच्चीचं काम करायचा ठराव संस्थेने आधी करावा, अशी अट घातली. त्या अटीमुळे अनेक वर्षं रखडलेली सभा भरली आणि ठराव झाला. समोरच्या काकांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. बाबांशी ते अजून पूर्वीसारखं बोलत नाहीत.

दीड लाख म्हणजे बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतला मोठा घास आहे. नव्या घरात एक खोली कमी आली. त्यामुळे मी या गोष्टीचं तात्पर्य ‘खरं बोललं की भलं होतं’ असं सांगणार नाही. खरं बोलण्याची किंमत पडली आणि ती आम्ही दिली, इतकंच.

ऑफिसात सध्या आमच्या टूलच्या पुढच्या आवृत्तीवर वाद चालू आहे. दोन वस्तू जोडलेल्या आहेत पण भेटत नाहीत, अशी सूचना वापरणाऱ्यांना त्रासदायक वाटते, तेव्हा ती मुळातच दाखवू नये, असं काहींचं म्हणणं. स्क्रीन स्वच्छ राहील. माझं म्हणणं, सूचना राहू द्या. हवं तर तिला लहान करा, कोपऱ्यात ठेवा, आणि बंद करणाऱ्याचं नाव आणि तारीख मॉडेलमध्ये नोंदवा, म्हणजे पुढे ते मॉडेल ज्याच्या हातात जाईल त्याला कळेल की इथे फट होती आणि कुणीतरी ती पाहिली होती. निर्णय पुढच्या बुधवारी आहे.